लाल वायरचं बंडल

वाशीला आमच्या सोसायटीसमोर एक मिस्तरी मोटरसायकलींना फॉगलॅम्प, म्युझिकल हॉर्न असलं काय काय बसवून द्यायचा. वायर मात्र कायम लाल. स्वस्तात मोठं बंडल मिळालं होतं. मी एकदा विचारलं, "सगळ्याच लाल, मग बिघाड शोधणार कसा?" त्याला माझी कीव आली. "रंग बघून वायर वलखतो, तो कसला मिस्तरी?"

त्याची पद्धत वेगळी होती. तो एक वायर उपटायचा आणि गिऱ्हाइकाला विचारायचा, "आता काय बंद झाला?" आपण काहीही सांगितलं तरी म्हणायचा, "बराबर हाय."

माझे होणारे सासरे मुलगा बघायला आले, त्याच्या आदल्याच दिवशी मी त्याच्याकडून हॉर्न बसवून घेतला होता. सासऱ्यांना मागे बसवून स्टेशनवर सोडायला निघालो, तर ब्रेक दाबला की हॉर्नची धून सुरू. वाटेत तीन सिग्नल लागतात. तिसऱ्याला सासरे शांतपणे उतरले आणि म्हणाले, "इथून मी चालत जातो."

मी तणतणत गाडी त्याच्याकडे नेली. त्याने ब्रेक दाबून डोळे मिटून अख्खी धून ऐकली. "ब्रेकची लाइट लागतं ना? मंग ऱ्हाऊ दे. मागच्याला दिसला नाय, तरी आयकू येल."

तो स्वतः सायकलवरून यायचा. सायकलला घंटी नव्हती. गर्दी आली की तोंडानेच "ट्रिंग ट्रिंग" म्हणायचा.

तेवढी एक वस्तू मी कधी बिघडलेली पाहिली नाही.