गाडीचा पिवळा दिवा

आमची गाडी चौदा वर्षांची. हे गेले तेव्हा लेक म्हणाली होती, "आई, विकून टाक. तू कुठे जाणार आहेस एवढी?" मी विकली नाही. नर्सची नोकरी संपत आली तेव्हा मी गाडी शिकले होते, तीही यांच्याशी भांडत भांडत. आता बोरगाव मेघेतल्या आमच्या तीन खोल्यांतून बाहेर पडायला माझ्याकडे ती गाडीच होती.

मागच्या हिवाळ्यात हिंगणीहून परत येताना वेगाच्या काट्याशेजारी इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागला. हिंगणीला माझी नणंद असते, यांची थोरली बहीण. तिच्याकडे अधूनमधून जायचे. दिवा लागला तरी गाडी चालत होती. थांबली की मात्र थंडी वाजल्यासारखी थरथरायची.

दुसऱ्या दिवशी मी ती गॅरेजमध्ये नेली. तिथला मिस्त्री आमच्या यांच्या ओळखीचा. बिघाडाचा कोड वाचायला त्यानं स्टिअरिंगखाली स्कॅनरची वायर खोचली.

"ऑक्सिजन सेन्सरचा कोड दाखवून राह्यलं, काकू. धुरात किती ऑक्सिजन आहे थे पाह्यते तो. जुना झाला असन."

नवा सेन्सर बसवला, कोड उडवला, दिवा गेला. आठवडाभरात परत लागला. या वेळी कोड दुसराच होता, हवेचा दाब मोजणाऱ्या सेन्सरचा. तोही बदलला. मग एका संध्याकाळी बाजारातून येताना दिवा लागला, तेव्हा ते दोन्ही कोड होतेच, वर इंजिनाचं तापमान सांगणाऱ्या सेन्सरचाही एक आला.

"आता तिसरा टाकायचा का?" मी विचारलं.

"थांबा जराक. नवे सेन्सर टाकले, तरी एकदम तीन तीन बोंबलून राह्यले. काऊन? मले बी नाई समजून राह्यलं." मग तो हसला. "दुसरं गिऱ्हाईक असतं त म्हटलं असतं, दिव्यावर काळी टेप लावून दे."

"ताप दिसू नये म्हणून थर्मामीटर फोडायचं का?" मी म्हणाले. त्याला ते फार आवडलं. चहा मागवला त्यानं.

खरं सांगायचं तर त्या गॅरेजमध्ये मला बरं वाटायचं. प्लास्टिकची खुर्ची, तेलाचा वास, कोणाची तरी गाडी जॅकवर चढलेली. मिस्त्री काम करता करता आमच्या यांच्याबद्दल बोलायचा. "सायेब स्वतः बोनेट उघडून उभे राहत. मले म्हणत, बोल्ट जास्त कसू नको रे." घरी यांचा विषय काढायला कोणी नव्हतं. सुरुवातीला भेटायला येणारे आता येत नव्हते, आणि फोनवर लेकीजवळ काढला तर ती विषय बदलायची.

लेक बंगळूरला असते. तिचा फोन रोज यायचा, पण जेवलीस का, गोळी घेतलीस का, यापुढे फारसा जात नसे. कोडचं सांगितलं तेव्हा मात्र ती अर्धा तास बोलली. तिनं इंटरनेटवर वाचलं, काड्यापेटीएवढं एक यंत्र मला पाठवलं. ते गाडीत खोचलं की इंजिनाचे सगळे आकडे माझ्या फोनवर दिसत.

मग मी रोज दुपारी गाडी काढू लागले. पवनारच्या रस्त्यानं जायचं आणि परत यायचं. एवढं जाऊनही काही होत नसे. आकडे शहाण्यासारखे वागायचे. दिवा लागायचा तो संध्याकाळीच. वॉर्डात असताना संध्याकाळी चढणारे ताप मी पुष्कळ पाहिले होते. तेव्हा आम्ही आधी विचारायचो, सकाळपेक्षा आता वेगळं काय झालं? इथे संध्याकाळी वेगळं काय होत होतं? मी हेडलाइट लावत होते.

दुसऱ्या दिवशी गाडी फाटकाबाहेर उभी करून इंजिन चालू केलं. हेडलाइट लावले, पंखा पूर्ण सोडला, मागच्या काचेचा हीटरही लावला. फोनवरचे आकडे हलायला लागले. तिन्ही सेन्सरचे, एकदमच. सगळं बंद केलं की जागेवर. पुन्हा लावलं की पुन्हा तेच. किती वेळ मी ते करत बसले कोण जाणे. समोरच्या घरातली बाई भिंतीवरून डोकावली.

"कुठं चालल्या?"

"कुठं नाही," मी म्हणाले. ती आत गेली.

मिस्त्रीला हे करून दाखवलं तेव्हा तो लगेच उठला. "मंग सेन्सरचा दोषच नाई. अर्थिंग पाहा लागते." त्यानं बॅटरी काढली. तिच्याखालून एक जाड काळी वायर इंजिनाकडून येऊन बॉडीला बोल्टनं जोडलेली होती. बोल्ट फिरवताच तांबूस भुगा खाली पडला. दिवे-पंखा लावले की जास्तीचा करंट परतताना त्या गंजात अडायचा, आणि सेन्सर बिचारे खोटं बोलायचे. पॉलिश पेपरनं जागा घासून चकचकीत केली, वायरचं टोक नवं लावलं. दिवा गेला आणि परत आला नाही.

"आता काम नाई पडत तुमाले इकडं," तो खुशीत म्हणाला. मीही हसले.

रात्री लेकीला सांगितलं. "वा, आई!" ती म्हणाली. दोन दिवसांनी तिनं विचारलं, "गाडी काय म्हणते?" मी म्हटलं, ठीक आहे. "बरं. गोळी घेतलीस ना?"

त्या रविवारी मी हिंगणीला गेले. फोन केला नव्हता. केला तर नणंद म्हणेल, आज नको येऊ, याची भीती वाटत होती. दाराला कुलूप होतं. शेजारची बाई अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसली होती.

"त्या त वडनेरले गेल्या, लेकीकडं. फोन करून याचं ना, बाई."

"हो, चुकलंच," मी म्हणाले.

तिनं पाणी दिलं. मी निघाले नाही हे पाहून शेंगांचं टोपलं आमच्या दोघींच्या मध्ये सरकवलं. मी सोलू लागले. मी कोण, कुठली, काही तिनं विचारलं नाही. तुरीचे भाव, तिच्या म्हशीचं दूध, सुनेचं माहेर, असं ती बोलत राहिली आणि मी हूं हूं करत राहिले. ऊन उतरलं तेव्हा तिनं ओंजळभर दाणे माझ्या पिशवीत टाकले. "पुन्हा येजा," म्हणाली.

परतताना अंधारून आलं म्हणून हेडलाइट लावले. काट्याशेजारी काहीच उजळलं नाही. सेलूपर्यंत मी तिकडेच बघत होते. मग बघणं सोडून दिलं.

घरी पोचले. उतरून फाटक उघडलं, पुन्हा बसून गाडी आत घेतली, पुन्हा उतरून फाटक लावलं. मग दाणे धुऊन फोडणीला टाकले.