कार्पेटच्या कडेची निळी रेघ

कार्पेटवाल्यानं मला जुनं कार्पेट नवं म्हणून विकलं आणि शिव्या मी रंगाऱ्याला घातल्या.

शाहूपुरीतल्या माझ्या ऑफिसात भिंतीच्या तळाची लाकडी पट्टी चॉकलेटी रंगवायला तो यायचा. कार्पेटला रंग लागू नये म्हणून पट्टी आणि कार्पेटच्या फटीत जुन्या एक्स-रेची फिल्म सरकवायचा, पालथा पडायचा आणि श्वास रोखून ब्रश ओढायचा. काही विचारलं तर ब्रश उचलल्यावरच उत्तर द्यायचा. मी मात्र पहिल्या दिवसापासून, "नवंकोरं कार्पेट हाय, थेंब पडला तर बघ," म्हणत त्याच्या डोक्यावर उभा असायचो.

तिसऱ्या दिवशी टेबल सरकवलं, तर कोपऱ्यात कार्पेटवर काळपट डाग. मी त्याच्या अंगावर धावूनच गेलो, नाही नाही ते बोललो. त्यानं ब्रश शेवटपर्यंत नेला. मग कार्पेटची कड उचलून दाखवली. कडेनं लांबपर्यंत वाळलेल्या निळ्या रंगाची रेघ होती.

"मालक, माझा डबा चॉकलेटी हाय. हे कार्पेट आधी निळ्या पट्टीच्या खोलीत हुतं."

"तुला कधी कळलं?"

"पयल्याच दिवशी. तुमी लई हौसेनं सांगत हुता की. कशाला बोलू?"

एवढं बोलून तो पुन्हा पालथा पडला.

त्या कार्पेटवाल्याचं काय करायचं ते नंतर बघू. आधी त्यानं ऑफिसात यावं, ह्या माणसासमोर उभं राहावं आणि सांगावं, ह्यानं माझ्या शिव्या का म्हणून खाल्ल्या?