निघायलोय

मागच्या वर्षी परभणीला निवृत्त पोलिसांचा स्नेहमेळावा झाला. त्या मेळाव्यात आमच्या जीपवरच्या वायरलेस ऑपरेटरने उभे राहून एक किस्सा सांगितला आणि सभागृह पोट धरून हसले. तो किस्सा अर्धाच खरा आहे. त्या जीपचा ड्रायव्हर मी होतो. हसणाऱ्यांपैकी एकही जण त्या दिवशी त्या गाडीत नव्हता.

त्याने सांगितले ते असे: "पालमचा बाजार, आमचा बंदोबस्त. फौजदारसाहेब जेवायला बसलेले अन् कंट्रोलचा कॉल आला. साहेब म्हनले, सांग निघालो म्हनून. आता खोटं बोलावं कसं? अन् साहेबाचा शब्द मोडावा कसा? मी म्हनलो, 'निघायलोय'. कंट्रोलवाला होता घाटावरचा. त्याला ऐकू आलं, 'निघालोय'! झालं की न्हाई काम?"

टाळ्या पडल्या. आमच्या मुलखाबाहेरच्या वाचकासाठी सांगतो. आमच्याकडे 'निघालोय' म्हणजे पाऊल उंबऱ्याबाहेर पडले. 'निघायलोय' म्हणजे अजून चपला शोधणे चालू आहे. हा फरक आमच्या घरातल्या शेंबड्या पोरालाही कळतो. ऑपरेटरला तो कळत होता, हे त्याने भर सभेत कबूल केले. चौकशीच्या दिवशी मात्र त्याला तो कळत नव्हता. किस्स्यातून त्याने गाळले ते एवढेच.

आणखी एक गैरसमज आधीच निकालात काढतो. आताचे पोलीस, ज्यांच्या गाडीत स्क्रीन आणि कॅमेरे असतात, ते समजतात की सत्तरच्या दशकातली पोलीस जीप म्हणजे कापडी टपाचा नुसता सांगाडा होता. माझी जीप तशी नव्हती. काचेच्या बाजूला हाताने फिरवायचा सर्चलाइट होता, बॉनेटजवळ सायरन होता, मागच्या बाकाखाली वेताच्या ढाली आणि लाठ्या पट्ट्याने आवळलेल्या असत. ड्रायव्हरच्या पाठीमागे लोखंडी चौकटीत वायरलेसचा सेट बोल्टने घट्ट बसवलेला होता. त्याची एरियल चाबकासारखी लांब होती. लिंबाच्या फांद्यांत अडकू नये म्हणून मी तिचे टोक वाकवून दोरीने पुढे बांधून ठेवत असे. हे सगळे एका बॅटरीवर चाले. इंजिन बंद ठेवून सेट चालू ठेवला की बॅटरी बसणार, हे फौजदारांना मी एकदा नव्हे, अनेकदा सांगितले होते. बॅटरीचे पाणी मी स्वतः पाहत असे, टोकांना ग्रीस लावत असे. माझ्या हातात ती गाडी रस्त्यात कधी बंद पडली नव्हती.

त्या दिवशी बाजार खाली भरला होता आणि फौजदारांनी जीप वर, गावातल्या एका बड्या जमीनमालकाच्या दारात नेऊन लावली. म्हणाले, उंचावर सेट चांगला पकडतो. ते खरेही होते. पण मालकाकडे मटणाचा बेत होता हेही खरे होते. पाहुण्यांना गंमत दाखवावी म्हणून फौजदारांनी सेट मोठ्या आवाजात चालू ठेवायला लावला. मंडळी येत, खिडकीतून डोकावत, विचारत, "ह्यात मुंबई लागती का?" मी फौजदारांना म्हणालो, "साहेब, इंजिन तरी चालू ठिवू द्या." ते म्हणाले, "पेट्रोल तुझा बाप भरायलाय का?" बाप काढल्यावरही गप्प बसावे लागे, अशी ती नोकरी होती.

दुपार कलताना कॉल आला. पालमच्या रस्त्यावरच्या एका गावात आमच्या, म्हणजे बौद्ध वस्तीतल्या, विहाराच्या पत्र्याच्या शेडवरून तंटा झाला होता. गावातला जमाव शेड पाडायला निघण्याच्या तयारीत होता आणि पोलीस पाटलांनी चौकीवर माणूस पाठवून फोन करवला होता. गावाचे नाव मी लगेच ओळखले. ते माझ्या धाकट्या बहिणीचे सासर होते. शेडचे पत्रे मेहुण्याने स्वतः खांद्यावर वाहून आणले होते.

मी ड्रायव्हरच्या जागेवर जाऊन बसलो. ऑपरेटर आत जाऊन फौजदारांना सांगून आला आणि माइक तोंडाशी धरून म्हणाला, "निघायलोय. ओव्हर." पलीकडून उत्तर आले, "निघालात, समजलं. ओव्हर."

मी मागे वळून ओरडलो, "आरं, निघालो न्हाई म्हन! दुरुस्त कर!"

"बॅटरी उतरायली, भाऊ. नंतर सांगतो," असे म्हणून त्याने माइक खुंटीला अडकवला. बोलण्याचे बटण त्याच्या अंगठ्याखाली होते. ड्रायव्हरने सेटला हात लावायचा नाही, असा हुकूम होता. नंतर ज्यांनी ज्यांनी मला विचारले की तूच का बोलला नाहीस, त्यांनी हा हुकूम मोडून एक दिवस ती नोकरी करून पाहायला हवी होती.

फौजदार हात धुऊन, पान लावून बाहेर आले तोपर्यंत बॅटरी पुरती बसली होती. स्टार्टर नुसता कण्हला. मी हँडल मारले. पण बॅटरीत जीव नसला की ठिणगी पडत नाही, मग हँडल मारून दंड भरून येतात, इंजिन पेटत नाही. शेवटी गाडी ढकलत उतारावर आणली. उतार थेट बाजारात जात होता. शेळ्या, टोपल्या, बांगड्यांची दुकाने, आणि मधोमध पोलिसांची जीप माणसे ढकलत आहेत.

"साहेब, तुमी उतरा की, तुमचंच वजन लय हाय," एक जण म्हणाला.

"चोर पळायलाय का पुढं? त्याला म्हनावं जरा दम खा, जीप यायलीय!" दुसरा म्हणाला.

फौजदार उतरले नाहीत. बाजार पार करून गाडी पेटली, आणि त्यानंतर मी ती कशी चालवली हे तो रस्ता जाणतो. वाटेत मी एका क्षणासाठीही थांबलो नाही. हे वाक्य मी चौकशीत सांगितले, बहिणीला सांगितले, आता येथे लिहीत आहे.

आम्ही पोहोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. शेड आडवी झाली होती. जमाव पांगला होता आणि मेहुण्याचा उजवा पाय शेडच्या लोखंडी खांबाखाली सापडला होता. फौजदारांनी सर्चलाइट लावायला सांगितला. त्या पांढऱ्या उजेडात मी खांब उचलला.

चौकशी उपअधीक्षकांसमोर झाली. फौजदारांनी सांगितले, जीप बाजारातच उभी होती, कॉल येताच निघालो. ड्रायव्हरने बॅटरीची निगा राखली नव्हती आणि वाटेत तो चहाला थांबला. उपअधीक्षकांनी ऑपरेटरला विचारले, "कंट्रोलला तू नेमके काय सांगितलेस?"

"निघालोय म्हनलो, साहेब."

मी म्हणालो, "साहेब, तो निघायलोय म्हणाला."

"फरक काय?" उपअधीक्षक मराठवाड्यातले नव्हते. मी फरक समजावून सांगू लागलो. ते हसून म्हणाले, "तुझं व्याकरण राहू दे." माझ्याकडून जीपची चावी काढून घेतली आणि मला कोषागाराच्या दारावर पहाऱ्याला उभे केले. त्यानंतर सरकारी गाडीचे चाक माझ्या हातात आले नाही.

ते मी सोसले. दवाखान्यात बहीण जे म्हणाली, ते सोसता आले नाही. ती मेहुण्याच्या खाटेशी बसली होती. "दादा, पाटील चौकीवरचा निरोप सांगून गेले, जीप निघाली. म्हनून हे दारात उभे राह्यले. समदी वस्ती रानात निघून गेली व्हती. हे म्हनले, आपला दादा यायलाय, थोडा येळ धरून ठिवतो."

मी तिला शब्दाचा घोळ सांगितला. फौजदाराचे जेवण, बॅटरी, बाजारातले ढकलणे, सगळे सांगितले. तिने शांतपणे ऐकले. मग म्हणाली, "निघायलोय काय अन् निघालोय काय. लोक तर म्हनायलेत, आपल्याच मान्साला भ्या वाटलं, म्हनून गाडी वाटंत हुबी केली."

"तुला काय वाटतं?"

"मला काय कळतंय, दादा. मी जीपमदी नव्हते."

मेहुण्याचा पाय पुन्हा सरळ झाला नाही. नांगरामागे चालणे सुटले. शेड वस्तीने पुन्हा उभी केली, या वेळी विटांची. तिच्या उद्घाटनाला मला निरोप आला नाही.

तर, त्या मेळाव्यात टाळ्या थांबल्यावर मी उभा राहिलो. म्हणालो, हेच तू चौकशीत का सांगितले नाहीस? ऑपरेटर आता म्हातारा आहे, त्याला ऐकायलाही कमी येते. शेजाऱ्याने माझा प्रश्न त्याच्या कानात सांगितला. तो म्हणाला, "भाऊ, जाऊ द्या की आता. चला, जेवण थंड व्हायलंय." सगळे जेवायला उठले. मी न जेवता परतलो.

मेहुणे गेले, त्याला काही वर्षे झाली. बहीण थकली आहे. मी तिच्या गावी जायचे ठरवले की आधी फोन करतो. पूर्वी घरातून करत असे. तेव्हा ती एकच विचारी, "निघालास का निघायलास?" त्यात थट्टा होती असे माझी मुले म्हणतात. मुले त्या दवाखान्यात नव्हती. आता मी स्थानकावर जातो, एसटीत बसतो, गाडी फाटकाबाहेर पडेपर्यंत फोन खिशातच ठेवतो. मग सांगतो, "निघालोय."

ती म्हणते, "आल्यावर बघू."