पत्र्याखालच्या खुणा

पाऊस लागला की यादव पगारे कानातलं मशीन काढून कपाटात ठेवायचे. घरावर पत्रे, पत्र्यावर पाऊस आणि कानात मशीन, म्हणजे डोक्यात कुणीतरी घण घालतंय असं व्हायचं. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात टर्बाइनच्या शेजारी बत्तीस वर्षं काढलेला माणूस. कान तिथेच गेले. पण किती गेले ते त्यांनी मुलाला, समाधानला, कधी कळू दिलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. बायको भागुबाई होती तोवर सांभाळून घ्यायची. ती गेली आणि वर्षभरात नात आली, अंजू. समाधान अंबडला कंपनीत, सून प्रतिभा पतसंस्थेत. दिवसभर अंजूपाशी फक्त आबा.

आणि अडीच वर्षांची अंजू अजून एक शब्द बोलत नव्हती.

यंदा पाऊस आठ-आठ दिवस हटायचं नाव घेईना. नदीला पूर, दारात घोटाभर चिखल, पोरगी घरात कोंडलेली. तिला रमवायचं कसं? यादवांना गोष्टी येत नव्हत्या, गाणी तर भागुबाईबरोबरच गेली. येत होत्या त्या टर्बाइनवरच्या खुणा. तिथल्या आवाजात तोंडाचा उपयोग शून्य, म्हणून सगळे हातांनी बोलायचे. मूठ फिरवली की चालू कर. मनगटं एकमेकांवर आडवी धरली की बंद. कानावर टिचकी मारून बोट दाखवलं की तिकडे कुणीतरी बोलावतंय. अंजूला हे भलतंच आवडलं. स्टीलचे डबे झाले मशीन, पिठाची चाळणी झाली चाक. आबांनी मूठ फिरवली की ती चाळणी फिरवायची, मनगटं आडवी धरली की फतकल मारून बसायची. पाणी हवं असलं की अंगठा ओठाला. दुपार कधी सरायची कळायचंसुद्धा नाही, आणि म्हातारा स्वतःच्याच हुशारीवर खूश.

प्रतिभा मात्र चपला काढता काढता रोज विचारायची, "बोलली का काही आज?"

यादव तिच्या ओठांकडे बघून नकाराची मान हलवायचे. तिचा जीव टांगणीला लागला होता. ऑगस्टमध्ये एक दिवस रजा टाकून ती दोघांना घेऊन दवाखान्यात गेली.

डॉक्टरबाईंनी अंजूच्या पाठीमागे घंटी वाजवली. ती वळली. कागद चुरगाळला, तरी वळली. "कान उत्तम आहेत हिचे," बाई म्हणाल्या. मग यादवांकडे बघून विचारलं, "आजोबा, दिवसभर हिच्याशी कोण बोलतं?"

यादव खिडकीबाहेरचा पाऊस बघत होते.

"आजोबा!"

तरी काही नाही. तेवढ्यात अंजू खुर्चीवरून घसरून खाली उतरली, तिने आबांची बाही ओढली, स्वतःच्या कानावर टिचकी मारली आणि डॉक्टरबाईंकडे बोट दाखवलं. यादव दचकून वळले. "हां, हां, बोला ना."

डॉक्टरबाईंनी प्रतिभाकडे पाहिलं. परतताना रिक्षात प्रतिभा त्यांच्याकडे तोंड करून सावकाश म्हणाली, "आबा, ती बोललीही असेल हो. तुम्हाला ऐकूच आलं नसेल."

ती रागाने म्हणाली असती तर बरं झालं असतं. यादवांना चाळणी फिरवणारी पोर आठवली, तिचे हलणारे ओठ आठवले. ती हसतेय असंच ते समजले होते. किती हाका मारल्या असतील तिने, आणि ओ येत नाही म्हणून सोडून दिल्या असतील! लाज आपली आणि भोगलं पोरीने, या विचाराने त्यांना घास गोड लागेना.

सोमवारपासून अंजू गल्लीतल्या बालवाडीत जाऊ लागली. यादवांनी मशीन कानात घातलं ते झोपतानाच काढायचं ठरवून. पाऊस आला की घण पडायचे, पण ते डोकं धरून सोसत बसायचे. तिच्या तोंडून एकदा 'आबा' ऐकायचं होतं, बस्स.

दोन महिन्यांत अंजू बोलू लागली. बालवाडीच्या बाईंशी, आईशी, दारातल्या मांजरीशीसुद्धा. आबांसमोर आली की मात्र तोंड बंद आणि हात चालू.

"आबा म्हण ना, अंजू," ते गयावया करायचे. "आता ऐकू येतं मला. हे बघ मशीन."

ती मशीनला बोट लावून बघायची आणि मूठ फिरवायची. चल, खेळू. रागवायचं तरी कुणावर? त्यांनीच शिकवलेलं ती इमानाने करत होती.

दसरा तोंडावर आला तरी पाऊस होताच. रविवारी दुपारी प्रतिभाने स्वयंपाकघरातून सांगितलं, "अंजू, आबांना विचार, चहा घेता का?"

यादवांना ते स्वच्छ ऐकू आलं. ते सावरून बसले. आता तरी ती तोंडाने विचारेल.

अंजू समोर आली. तिने बाही ओढली, कानावर टिचकी मारली, स्वयंपाकघराकडे बोट दाखवलं आणि ओंजळ ओठांना लावून चहा प्यायल्यासारखं केलं.

यादव तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी हात वर केला आणि मूठ फिरवली.

ती पळत आत गेली. पत्रे धडधडत होते, तरी तिचा बारीक आवाज बाहेर आला.

"आई, आबा हो म्हन्ला."