हाराआडचा हिरवा दिवा

दसऱ्याला चिखले गावच्या लडक्याने नव्या बॅटरीच्या रिक्षाची अशी झोकात पूजा केली, की झेंडूच्या हाराखाली हँडलजवळचे छोटे दिवे पार झाकून गेले. हार सुकला तरी हा पठ्ठ्या काढेना. मग काय, रोज घोलवडहून परतताना चार्जिंग वाटेतच संपायचं!

"रिक्षा विकूनच टाकतो," तो वैतागला.

त्याची बायको तुळशी रिक्षात त्याच्या शेजारी बसली आणि तिने हार सरकवला. "अरे, मूठ जोरात पिळलीस की लाल दिवा लागतो, म्हणजे बॅटरी भराभर संपते; हळू सोडलीस की हिरवा, म्हणजे ती पुरते. बघतोस कुठं?"

त्या दिवशी लडक्याने हिरवा सांभाळला आणि रिक्षा थेट अंगणात आली.

"तुळशे, अजून चार्जिंग उरलंय! चल, समुद्रावर."

"चल, पण हिरव्यावरच हां!"