सुईताईंचे खिशातले हात

वॉर्डात त्यांना सगळे सुईताई म्हणायचे, अगदी तोंडावरसुद्धा. सुजलेला, सुकलेला, कसलाही हात असो, ताईंना शीर सापडायचीच. पेशंटनं 'आई गं' म्हणायला तोंड उघडावं तोवर सलाईन सुरू झालेलं असायचं. अशी बाई इन्चार्ज झाली तर वॉर्डाचं भलंच होणार, असं कुणालाही वाटेल. वाटलंच होतं. आणि तिथंच तर घोडं अडलं.

इन्चार्ज म्हणजे औषधांचा साठा, ड्यूट्या लावणं, डॉक्टरांची बोलणी खाणं, नातेवाइकांची भांडणं मिटवणं. ताई त्यासाठी टेबलाशी बसल्या रे बसल्या की दारातून कुणीतरी डोकं काढायचं, "ताई, शीर सापडत नाहीये." की निघाल्या ताई! सुई लावून परत येईतो टेबलावर कागदांची नवी रास. ड्यूटी सुटताना पाय भरून आलेले आणि काम होतं तिथंच.

घरी आई, आणि दुसरं माणूस नाही. मोठ्या दुखण्यानंतर आईला भान उरलं नव्हतं. रात्री उठायची, कडी काढायची आणि चालू लागायची. इन्चार्जला रात्रपाळी नसते, एवढ्या एका गोष्टीसाठी ताईंनी ही खुर्ची घेतली होती. नाहीतर हौस कुणाला होती हो!

मग सगळ्या नर्सांच्या वरिष्ठ असलेल्या मेट्रनबाईंनी त्यांना व्यवस्थापनाच्या प्रशिक्षणाला धाडलं. तिथं इस्त्रीच्या कपड्यातला एक माणूस दिवसभर 'कामाची वाटणी' शिकवत होता. ताई डुलक्या काढत होत्या. इतका वेळ बसायला मिळालं, याचंच त्यांना अप्रूप. नेमकं त्याच दिवशी वॉर्डात एका पेशंट बाईंचं सलाईन निघालं आणि कुणालाच ते परत लावता येईना. ऑपरेशन उरकून भुलीचे डॉक्टर येईपर्यंत त्या बिचाऱ्या तशाच पडून राहिल्या.

दुसऱ्या दिवशी मेट्रनबाईंनी बोलावून घेतलं. वॉर्डातल्या नर्स पोरींची कानउघाडणी करायला सांगतील, असं ताईंना वाटलं.

"चूक तुमची आहे," मेट्रनबाई म्हणाल्या.

"माझी? अहो, मी तर नव्हतेच!"

"तेच म्हणतेय मी. तुम्ही नसलात की वॉर्ड लुळा. पोरींना कधी शिकू दिलंत? त्या हाक मारतात, तुम्ही धावता. महिनाअखेरपर्यंत पाहीन, नाहीतर खुर्ची दुसऱ्या कुणाला तरी देईन. मग तुम्ही परत पाळ्यांवर, रात्रीच्यासुद्धा."

ताईंना बोलणं झोंबलं, कारण ते खरं होतं.

तेव्हापासून हाक आली की ताई जायच्या, पण हात गणवेशाच्या खिशात घालून. वाचायला सोपं वाटतं. करून बघा म्हणावं!

एके सकाळी नवी पोरगी एका आजोबांच्या हाताशी झटत होती. आजोबा नेहमीचे, वरचेवर दाखल होणारे. त्यांच्या शिरा कशा निसटतात, ते ताईंना पाठ होतं. पहिली सुई फुकट गेली. "ताई, तुम्हीच..." पोरगी रडवेली झाली.

"तूच. कातडी खालून ताणून धर. घाई करू नकोस."

दुसरीही गेली. आजोबांनी डोळे गच्च मिटले. खिशात ताईंची बोटं नुसती वळवळत होती. एक पाऊल पुढं टाकलं असतं तर त्या म्हाताऱ्या जिवाचे हाल संपले असते. पण त्या जागच्या हलल्या नाहीत. तिसऱ्यांदा सुईत रक्त दिसलं आणि सलाईन चालू झालं. पोरगीला घाम फुटला होता, पण ती हसली.

फेरीवर आलेल्या मेट्रनबाई दारातून बघत होत्या. "आता झालात खऱ्या इन्चार्ज," म्हणाल्या आणि पुढं गेल्या. चला, खुर्ची राहिली, रात्री आईजवळ राहता येणार होतं. ताईंना आनंद व्हायला हवा होता. त्यांना फक्त कुठंतरी टेकावंसं वाटत होतं.

ताई आजोबांची चादर नीट करायला वाकल्या.

"पोरी, तू इथंच होतीस ना?" आजोबांनी विचारलं.

"हो, आजोबा."

"मग नुसती उभी राहिलीस?"

ताईंनी चादरीचं टोक गादीखाली खोचलं.

"बरं, पुढच्या वेळी तरी तू लावशील?"

"नाही, आजोबा. तीच लावेल."

"मोठी झालीस गं," आजोबा म्हणाले आणि त्यांनी भिंतीकडं तोंड फिरवलं.