बंद पंख्याखालची झुळूक

वर्तमानपत्राचं पान पंख्याखाली फडफडलं की मी अजूनही चटकन त्यावर हात ठेवते.

अ‍ॅनिमेशनच्या शेवटच्या वर्षी माझी छोटीशी फिल्म आमच्या जेवणाच्या टेबलावर घडत होती. कागदाची बाहुली केसभर सरकवायची, फोटो काढायचा, पुन्हा सरकवायची. पंखा लावला तर बाहुली उडणार, म्हणून ऐन मे महिन्यात पंखा बंद. बाबा घामाने निथळत जमिनीवर जेवायला बसायचे आणि विचारायचे, "तुझ्या बाहुलीची परवानगी असेल तर शिंकू का?"

एका दुपारी आई पन्हं घेऊन आली. तिने दार ढकललं, त्याच क्षणी फोटो निघाला आणि त्यात बाहुलीची वेणी उडाली. तो फोटो मी तसाच ठेवला.

शेवटी आभाराच्या पाटीवर दोघांची नावं घातली. नावं मावली, पण त्यांनी मुकाट्याने सोसलेला तो उकाडा कुठल्या पाटीवर मावणार होता?

फिल्म पाहून परीक्षक म्हणाले, "बाहुलीच्या त्या बंद खोलीत मध्येच एक झुळूक येते, ती छान सुचली तुला."

"सुचली नाही, सर," मी म्हटलं, "आई आली होती."